देशगीते आणि आपण भगिनी

१९४७ सालच्या १४ ऑगस्टच्या रात्री दिल्लीस घटना समितीची जी सभा भरली, तिची हकीकत आपण सर्वजणी शाळेत शिकलो आहोत. पंडित नेहरूंचे भाषण, मध्यरात्रीचे ठोके, सभासदांनी उभे राहून घेतलेली शपथ, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्या रात्री आणखी दोन गोष्टी घडल्या आणि त्या आपल्यासारख्या बायकांच्या मंडळाने तरी विसरू नयेत. सभेचा आरंभ ‘वंदे मातरम्’ने झाला व ते सुचेता कृपलानी यांनी म्हटले. शपथ झाल्यावर हंसाबेन मेहता उभ्या राहिल्या आणि हिंदुस्थानातील समस्त स्त्रियांच्या वतीने त्यांनी राष्ट्रध्वज सभेच्या स्वाधीन केला. हा मान वास्तविक सरोजिनी नायडूंचा होता. त्या हजर नव्हत्या म्हणून तो हंसाबेनकडे आला. सभा संपतानाही पुन्हा सुचेताबाईंनीच ‘सारे जहाँ से अच्छा’ व ‘जन गण मन’ यांचे आरंभीचे चरण म्हटले. म्हणजे त्या रात्री पहिला सूर बाईचा, शेवटचा सूर बाईचा, आणि निशाणही बायकांनीच दिलेले!

कोणी म्हणेल, हा योगायोग. मला तसे वाटत नाही. त्याआधीची चाळीसएक वर्षे देशाची गाणी जर कोणी सांभाळली असतील तर ती पुष्कळ अंशी घराघरांतील बायकांनी. छापलेले पुस्तक जप्त होते, छापखान्याला टाळे लागते, वक्त्याला तुरुंगात घालता येते. पण बाईच्या तोंडी बसलेले गाणे कोणता फौजदार कसे जप्त करणार? ते पाळण्याशी म्हटले जाते, भाकरी थापताना म्हटले जाते, आणि लेक सासरी गेली की तिच्याबरोबर दुसऱ्या गावी जाते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहिणे हे विद्वानांचे काम. तरी वाचनालयातून आणून जे वाचले व वडीलधाऱ्या बायकांकडून जे ऐकले, ते या स्मरणिकेसाठी जुळवून लिहीत आहे.

‘वंदे मातरम्’ हे गीत बंगालचे. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी ते आपल्या ‘आनंदमठ’ कादंबरीत घातले. ती कादंबरी १८८२ साली पुस्तकरूपाने निघाली. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथांनी ते गाऊन दाखविले, आणि १९०५ साली कर्झनसाहेबाने बंगालची फाळणी केली तेव्हा त्या गीताचे पहिले दोन शब्द साऱ्या देशाची घोषणा झाले. पण ते देशभर नेण्यात आपल्या महाराष्ट्रीय गवयांचा वाटा मोठा आहे, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झालेली. या माणसाने १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि काँग्रेसच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ गाण्याचा प्रघात चालविला. १९२३ साली काकिनाडा येथे अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी त्यास हरकत घेतली, तरी पंडितजींनी गीत पुरे केले. त्यांचेच शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे साबरमतीच्या आश्रमात संगीत शिकवीत. १९३० साली गांधीजींबरोबर दांडीपर्यंत जी निवडक मंडळी चालत गेली, त्यांत हे खरे गुरुजी होते.

दुसरे नाव मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे. आळंदीस जन्मलेले, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, प्रभातच्या चित्रपटांना चाली देणारे. मुंबईच्या रेडिओवर ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास अडविले म्हणून या मानी माणसाने सरकारी रेडिओवर गाणेच सोडले. पुढे राष्ट्रगीत कोणते असावे हा प्रश्न निघाला, तेव्हा ‘वंदे मातरम्’ समुदायाने म्हणता येत नाही व बँडवर वाजविता येत नाही असा आक्षेप आला. मास्तरांनी झिंझोटी रागात सोपी चाल बांधली, बँडवर वाजवून घेतली आणि दिल्लीस जाऊन घटना समितीच्या सभासदांपुढे ती ऐकविली. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत जाहीर केले आणि ‘वंदे मातरम्’ला तितकाच मान राहील असे सांगितले. मास्तरांची चाल मागे पडली खरी. पण याच मास्तरांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सांगण्यावरून पाली भाषेतील बुद्धवंदनेला चाल दिली, हे मला अलीकडेच वाचनात आले आणि फार बरे वाटले.

आता आपल्या नाशिककडे येऊ. लोकमान्यांनी १८९३ पासून गणेशोत्सव सार्वजनिक केला आणि त्यातून मेळे निघाले. मेळा म्हणजे पोरांचा ताफा, हातात टिपऱ्या किंवा झांजा, आणि तोंडी देवाच्या नावाखाली सरकारला टोमणे! नाशिकच्या मेळ्यासाठी पदे लिहिणारे गोविंद त्र्यंबक दरेकर यांना लोक कवी गोविंद म्हणत. दोन्ही पाय लुळे असलेला हा गरीब माणूस एका जागी बसून अशी पदे रची, की ती ऐकून धडधाकट माणसे घर सोडून निघत. सावरकर बंधू त्यांचे मित्र. १९०९ साली थोरले बंधू बाबाराव यांच्यावर खटला झाला, तो कोणा गोऱ्याला मारल्याबद्दल नव्हे. काही कवितांची एक लहान पुस्तिका छापून काढल्याबद्दल! शिक्षा काय, तर जन्मठेप, काळे पाणी. कवितांसाठी अंदमान! आज आपण पंधरा ऑगस्टला ध्वनिवर्धकावर गाणी लावतो व मध्येच बंद करून भाषणे करतो, तेव्हा हे आठवावे.

बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी. यांच्याविषयी मला फार जवळीक वाटते. घरात दिरांची क्रांतीची खलबते चालत, माजघरात या बाई रांधीत. पण त्या नुसत्या रांधीत बसल्या नाहीत. नाशिकच्या सुना-लेकींना जमवून त्यांनी बायकांची एक मंडळी चालविली. तीत स्वदेशीची चर्चा होई व देशगीते म्हटली जात. वाचक भगिनींनी क्षणभर डोळे मिटून पाहावे. ते साल १९०५ च्या आसपासचे, सासुरवाशीण बाईने उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायचे तर हळदीकुंकवाचे निमित्त पाहिजे, आणि त्यात या सर्वजणी बसून स्वातंत्र्याची पदे पाठ करताहेत! आपल्या मंडळाला पूर्वज शोधायचा असेल तर तो तेथे आहे. पतीला जन्मठेप झाली त्यावर दहा वर्षे येसूवहिनींनी कशी काढली असतील ती त्यांची त्यांना माहीत. १९१९ साली पतीची भेट न होताच त्या वारल्या. धाकटे दीर विनायकराव यांनी त्यांच्या सांत्वनासाठी लिहिलेली कविता प्रसिद्ध आहे. ब्रायटनच्या किनाऱ्यावर १९०९ साली त्यांना सुचलेले सागराचे गीत तर आता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीमुळे लहान मुलांच्याही तोंडी आहे. पण दिरांचे पोवाडे सरकारने बंद केले, तेव्हा ते ओठांवर ठेवणारी जी माणसे, त्यांत किती बायका होत्या हे कोण मोजणार?

ओठांवर ठेवणे म्हणजे काय हे जात्याला विचारावे. हेमा राईरकर व गी पॉयट्वाँ या दोघांनी महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्यांत राम आहे, विठोबा आहे, भाऊबीज आहे, सासूचा जाच आहे, आणि डॉ. बाबासाहेबांवरच्या ओव्याही पुष्कळ आहेत. दळणाऱ्या बाईला देश वेगळा आणि घर वेगळे असे नसते. हीच गोष्ट जलशांची. नाशिकचे भीमराव कर्डक यांनी १९३० नंतर आंबेडकरी जलसा काढला आणि गावोगाव पायी फिरून लोकांना माणुसकीच्या हक्काची गाणी ऐकविली. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली सत्याग्रह करून प्यावे लागले. ज्यांना तळ्यावर जाता येत नव्हते, त्यांनी ‘देश माझा’ हे गाणे कोणत्या तोंडाने म्हणावे, असा प्रश्न त्या गाण्यांनी विचारला. माझ्या मते तेही देशगीतच. आपल्या कार्यक्रमांतून ते गळते, ते गळू नये.

१९३० साल उजाडले आणि गाणे माजघरातून रस्त्यावर आले. मिठाचा सत्याग्रह, परदेशी कापडाच्या दुकानांपुढे निदर्शने, आणि रोज पहाटे प्रभातफेरी. मुंबईस देशसेविका संघाच्या बायका केशरी पातळे नेसून निघत. त्यांत आरंभी उल्लेख केलेल्या हंसाबेनही होत्या. अवंतिकाबाई गोखले, ज्यांनी १९१८ साली मुंबईत हिंद महिला समाज काढला व गांधीजींचे मराठीतील पहिले चरित्र लिहिले, त्याही याच काळात तुरुंगात गेल्या. कानपूरच्या श्यामलाल गुप्तांनी १९२४ साली लिहिलेले हिंदी झेंडागीत मराठी मुलखातील पोरीबाळीही घोकीत. हिंदी समजते कोणाला! पण चाल अशी की पाऊल आपोआप पडावे.

प्रभातफेरीची पद्धत आजच्या मुलींना ठाऊक नाही म्हणून सांगते. सूर्योदयापूर्वी दहावीस जणांचा घोळका निघतो. पुढे एकजण, ज्याचा आवाज खडा, तो एक ओळ म्हणतो. मागचे सर्व तीच ओळ पुन्हा म्हणतात. त्यामुळे गाणे पाठ असावे लागत नाही, वाचता यावे लागत नाही. जी बाई पहिल्या आळीत नुसती मागे चालली, ती पाचव्या आळीत गाऊ लागते. निरक्षर देशाला गाणे शिकविण्याची याहून सोपी शाळा कोणी काढली नाही.

साने गुरुजींची गाणी याच फेऱ्यांतून पसरली. १९३० साली ते धुळ्याच्या तुरुंगात, नंतर नाशिकच्या. तेथेच १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली, हे आपणांस माहीत आहे. त्यांचा ‘पत्री’ हा कवितासंग्रह १९३५ साली निघाला आणि त्यातील देशभक्तीच्या कवितांना भिऊन सरकारने प्रती जप्त केल्या. आईवर रडणारा इतका मऊ माणूस, त्याच्या कवितेचे त्या बलाढ्य सरकारला भय वाटावे, यात गंमतही आहे आणि समजण्यासारखेही आहे. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची स्थापना झाली. पुढे त्याच्या कलापथकात वसंत बापट, लीलाधर हेगडे अशी मंडळी आली व गाणे, नाच, पोवाडा यांतून त्यांनी तरुण मुलामुलींना एकत्र रंगमंचावर उभे केले. भल्या घरची मुलगी चारचौघांत नाचते, यावरून त्या काळी किती घरांत वाद झाले असतील!

आणि मग १९४२. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी सर्व पुढारी पकडले गेले. त्या दिवशी त्याच मैदानावर अरुणा असफअलींनी झेंडा फडकावला. वर्तमानपत्रांवर बंधने आली, बातमी कळेना. तेव्हा मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेली बावीस वर्षांची एक मुलगी पुढे आली. तिचे नाव उषा मेहता. तिने व तिच्या सोबत्यांनी चोरून एक रेडिओ केंद्र चालविले. ४२.३४ मीटरवर ते लागे. पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून जागा पुन्हा पुन्हा बदलावी लागे. देशात कोठे गोळीबार झाला, कोठे संप झाला, याच्या ज्या बातम्या छापता येत नसत त्या तेथून सांगितल्या जात. कार्यक्रमाचा आरंभ ‘हिंदुस्ताँ हमारा’ने व शेवट ‘वंदे मातरम्’च्या तबकडीने.

१२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री पोलीस आले. दारे फोडून आत शिरले तेव्हा तबकडी चालू होती. ती बंद करा असा हुकूम झाला. उषाबेननी ती बंद केली नाही, गीत पुरे होऊ दिले. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि येरवड्याला धाडले; १९४६ साली त्या सुटल्या. पुढे त्या प्राध्यापक झाल्या, १९९८ साली पद्मविभूषण मिळाले, २००० च्या ऑगस्टात त्या वारल्या. मी त्यांचे छायाचित्र पाहिले आहे. जाड पांढरे पातळ, बारीक चण. रस्त्यात भेटल्या असत्या तर आपण त्यांना कोणाची तरी मावशी समजून पुढे गेलो असतो.

त्याच वर्षी ‘विशाखा’ हा कुसुमाग्रजांचा संग्रह भाऊसाहेब खांडेकरांनी स्वतः प्रसिद्ध केला आणि त्यातील क्रांतीचे गीत तरुणांच्या तोंडी झाले. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला नंदुरबारला मुलांच्या मिरवणुकीवर गोळीबार होऊन शिरीषकुमार व त्याचे सोबती पडले. शिरीष पंधरा वर्षांचा होता. साताऱ्याकडे नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात शाहीर शंकरराव निकमांच्या डफावर खेडीच्या खेडी जमत, आणि त्यांचे पोवाडे लिहून देणारा तरुण म्हणजे पुढचे ग. दि. माडगूळकर.

येथवर पुस्तकांतले झाले. आता आपल्या मंडळातले सांगते. करोनाच्या साथीत आपले सभागृह दीड वर्षे बंद होते, हे सर्वांच्या स्मरणात आहे. २०२१ च्या पंधरा ऑगस्टला स्वातंत्र्याचे पंचाहत्तरावे वर्ष लागले, आणि ते मुके कसे जाऊ द्यायचे म्हणून आपण मोबाईलवरच सभा भरविली. कोणी स्वयंपाकघरातून, कोणी गच्चीवरून, एक भगिनी तर मुलाकडे परदेशी अडकली होती ती तेथल्या पहाटे उठून. आरंभी समूहगीत ठरले होते. सर्वजणींनी एकदम सुरुवात केली मात्र, आणि आठवडी बाजारासारखा गलका झाला! त्या यंत्रात प्रत्येकीचा आवाज थोडा थोडा उशिराने पोहोचतो. एकीचे ध्रुपद तर दुसरीचा अंतरा. हसून हसून पुरे झाले.

आपल्यातील सर्वांत वडील आजी तेव्हा एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या. नातीने फोन समोर धरला होता. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, तुम्ही सगळ्या आपले आवाज बंद करा. मी एक ओळ म्हणते, मग थांबते. तेवढ्यात तुम्ही आपापल्या घरी म्हणा. मला ऐकू नाही आलं तरी चालेल.’’ तसे केले. आजी म्हणत, थांबत. पडद्यावर आम्हां पस्तीसेक जणींचे ओठ हलत. आवाज कोणाचाच नाही. मग आजी पुढची ओळ घेत. मी विचारले, ‘‘आजी, असं सुचलं कसं तुम्हांला?’’ तर म्हणाल्या, ‘‘फेरीत तरी काय, मी पुढं असायची. मागच्यांचा आवाज मागच्या आळीत राहायचा. ते म्हणतात असं समजूनच पुढची ओळ घ्यायची.’’

त्या दिवशी आजी फार बोलल्या. १९४२ साली त्या बारा वर्षांच्या. तालुक्याचे गाव. वडील शाळामास्तर, म्हणून ते फेरीत येऊ शकत नसत, नोकरी जाईल. आई मुळीच शिकलेली नव्हती. पण मुलीला चार अक्षरे येतात याचा तिने असा उपयोग केला, की कोठून हाताने उतरून आलेला गाण्यांचा कागद मिळाला की रात्री दिव्याशी मुलीने वाचायचा आणि आईने पाठ करायचा. सकाळी चुलीत कागद, पोटात गाणे. एकदा घराची झडती झाली. पोलिसांनी वडिलांची कपाटे उलटीपालटी केली, वर्तमानपत्रे नेली. माजघरात आई निमूट दळीत बसली होती. ‘‘दळता दळता ती तेच गाणं म्हणत होती, ओवीच्या चालीवर. शिपाई उंबऱ्याशी उभा होता. त्याला वाटलं ओवी आहे,’’ असे आजींनी सांगितले. येथे आजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि नातीने पाणी दिले.

मग त्यांनी ते गाणे म्हटले. कासारीण दारात आली आहे, टोपलीत परदेशी काचेच्या बांगड्या आहेत. धाकट्या मुलीचे मन लोभावते, आणि आई तिला समजावून कासारणीला रिकामी परत पाठवते, असा त्याचा विषय. स्वदेशीच्या काळात अशी गाणी पुष्कळ झाली. पण हे मला कोणत्याही छापील संग्रहात मिळाले नाही. मी आपल्या वाचनालयातली व जिल्ह्याच्या ग्रंथालयातली देशगीतांची पुस्तके पाहिली. रचणाऱ्याचे नाव आजींनाही माहीत नव्हते. आजी २०२२ च्या मार्गशीर्षात गेल्या. सभेचे ध्वनिमुद्रण आपल्या चिटणीस बाईंनी जपून ठेवले आहे. त्यावरून आम्ही दोघीतिघींनी गाणे कागदावर उतरविले. चार कडवी आहेत. तिसऱ्या कडव्यात लाईन तुटली असावी. आजींचे ओठ हलतात, पण दोन ओळी ऐकूच येत नाहीत. नातीलाही त्या येत नाहीत.

या गोष्टीवर मी फार दिवस विचार केला. उषाबेनचा रेडिओ तीनच महिने चालला, तरी त्याची नोंद आहे, खटल्याचे कागद आहेत. येसूवहिनींचे नाव दिरांच्या लेखणीमुळे राहिले. पण तालुक्याच्या गावी जात्यावर बसून शिपायाला चकविणारी ती मास्तरीण, तिचे नाव कोणत्याही यादीत नाही आणि तिचे गाणे दोन ओळींनी उणे झाले आहे. पुस्तकात जे छापले नाही ते सर्व असेच कडेकडेने झिजत चालले असेल.

स्वातंत्र्यानंतरच्या गाण्यांविषयी थोडक्यात सांगते, कारण ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. स्वातंत्र्य आले तरी गोवा पोर्तुगीजांकडेच होता. १९५४ साली दादरा-नगरहवेली मुक्त करण्यास जे तरुण गेले त्यांत सुधीर फडके होते, आणि त्या कामासाठी पैसा उभारावा म्हणून लता मंगेशकरांचा गाण्याचा कार्यक्रम पुण्यात झाला. २ ऑगस्टला सिल्व्हासा मोकळे झाले. गीतरामायणाच्या आदल्या वर्षी बाबूजी हे करीत होते! पुढच्या वर्षी सुधाताई जोशी म्हापशाला सभेत पकडल्या गेल्या. १५ ऑगस्ट १९५५ ला सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, त्यात मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय हाती झेंडा असताना जखमी झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात लिबिया लोबो व वामन सरदेसाई यांनी सरहद्दीलगतच्या रानात गुप्त रेडिओ सुरू केला. उषाबेनचा तीन महिने, हा सहा वर्षे. कोकणी व पोर्तुगीज भाषेत. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तेव्हा याच दोघांनी विमानातून ध्वनिवर्धकावर ती बातमी गोवेकरांना सांगितली. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठलेली होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख, अण्णाभाऊ साठे व गव्हाणकर यांच्या शाहिरीने गिरणगाव पेटले. चीनच्या युद्धानंतर २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी जे गीत म्हटले व नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आणले, त्याचे शब्द कवी प्रदीप यांचे आणि चाल आपल्या सी. रामचंद्र ऊर्फ चितळकरांची. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल व शाहीर साबळ्यांचा आवाज असलेल्या गीताला २०२३ साली सरकारने राज्यगीताचा मान दिला. ते आता शाळांतून म्हटले जाते, चांगली गोष्ट आहे. मात्र आमच्या गल्लीतल्या मुलांना ते यंत्राबरोबरच म्हणता येते. यंत्र बंद पडले की मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. हे मला पटत नाही. गाणे घशात पाहिजे.

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त आपण हाती घेतलेले काम असे: ज्यांच्या घरी आजी, आजेसासू, मावशी, आत्या कोणी असतील, किंवा त्यांच्या हातच्या वह्या असतील, त्यांच्याकडून जुनी देशगीते उतरवून घ्यावयाची. शब्द जसे म्हटले तसेच लिहावे. शुद्धलेखन आपण नंतर पाहू. गाणे कोणत्या गावचे, कोणाकडून आले, कोणत्या प्रसंगी म्हणत, हेही त्याखाली लिहावे. चालीसाठी मोबाईलवर आवाज घ्यावा, पण कागदावर लिहिण्यास चुकू नये. दर गुरुवारी दुपारी ३ ते ५ मी व आणखी दोन भगिनी सभागृहात बसतो. ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांच्या घरी आम्ही येऊ. आणि कासारणीचे ते गाणे, ज्यात आई मुलीला पाटावर बसवून हातात सुताच्या लडी देते, ते कोणाच्या माहेरी म्हणत असतील तर तिसरे कडवे तेवढे जरूर विचारून यावे.